पांढऱ्या सळ्यांचा पूल

पोलीस खात्यात माझी उभी हयात गेली. खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगडही खाल्ले. त्यातलं पुष्कळसं आता धड आठवतही नाही. पण मुरबाड तालुक्यातल्या एका ओढ्यावरचा लहानसा पूल पडला, त्या प्रकरणाची आठवण निघाली की आजही हातातला घास हातात राहतो. खुन्याचा कबुलीजबाब ऐकूनही मी कधी इतका हादरलो नव्हतो. गावाचं नाव आणि माणसांची नावं मी सांगणार नाही. त्यांची नातवंडं अजून तिथेच नांदत आहेत.

दुसरी मोठी लढाई संपत आली होती. मी मुरबाड ठाण्याचा फौजदार होतो. ठाणं म्हणजे एक कौलारू इमारत, पुढे पडवी, बाजूला कोठडी. सकाळी हजेरी, मग स्टेशन डायरी, मग गावोगावच्या पोलीस पाटलांच्या वर्द्या. गुन्हे बहुतेक ठरलेले असत. खळ्यावरून भात उचलणं, रानात हातभट्टी लावणं आणि बांधावरून डोकी फोडणं. माझा जमादार जुना माणूस होता. त्याच्या मते जगातला कोणताही गुन्हा दोन थोबाडीत दिल्या की उघडकीस येतो. त्याला आवरण्यातच माझी अर्धी नोकरी गेली असं म्हटलं तरी चालेल.

भात झोडून झालं होतं आणि गाड्या गिरणीकडे निघाल्या होत्या, त्या दिवसांत एके सकाळी वर्दी आली की वैशाखरे गावाच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत, ओढ्यावरचा पूल कोसळला. मी आणि जमादार सायकलींवर निघालो. आम्ही पोचलो तेव्हा ओढ्याच्या दोन्ही काठांवर माणसं उभी होती. भाताने भरलेली बैलगाडी खाली उलटली होती. गाडीवान पलीकडच्या पाड्यावरचा होता, तो जागीच गेला होता. गाडीमागून चालणारी एक मुलगी काँक्रीटच्या ढेपेखाली सापडली होती. ती गावच्या पाटलाची नात. येत्या वैशाखात तिचं लग्न ठरलेलं होतं. आमच्या डोळ्यांदेखत पहारी घालून ती ढेप उचलली. मी टोपी काढली. जमादारासारखा माणूस, तोही तोंड फिरवून उभा राहिला.

हा पूल त्या भागात नवलाईचा होता. ओढ्याच्या एका काठावर गाव, दुसऱ्या काठावर पाडा. पावसाळ्यात ओढा फुगला की पाड्याचं जगणं बंद. लढाईच्या तीन-चार वर्षं आधी सरकारी बांधकामाकडून सिमेंट मिळालं, लोखंड मिळालं आणि दोन्ही बाजूंच्या माणसांनी अंगमेहनत करून पूल उभा केला. दगडी आधार दोन काठांना आणि त्यांवर टाकलेली सळ्यांची काँक्रीटची पाटी, म्हणजे आजच्या भाषेत स्लॅब. काम करणारा मिस्त्री शहापूर तालुक्यातला, डोळखांबकडचा. दर दिवाळीला गावच्या बायका त्या पुलाला चुना फासत, कठड्यावर पणत्या लावत. पूल म्हणजे त्यांना देवळासारखा झाला होता.

पंचनामा करताना मी तुटलेल्या भागात वाकून पाहिलं. काँक्रीटमधून सळ्यांची टोकं बाहेर आली होती. तांबड्या, खवले सुटलेल्या, काही ठिकाणी तर तुरीच्या काटकीएवढ्या बारीक. बोटाने दाबली तर एक टोक मोडून हातात आलं. नऊ-दहा वर्षांपूर्वी घातलेलं लोखंड असं होतं? मला बांधकामातलं काही कळत नव्हतं, पण लोखंडी पहार कशी गंजते आणि किती वर्षांत, एवढं शेतकऱ्याच्या पोराला कळतं.

मुलीचं दहावं झालं त्याच दिवशी संध्याकाळी पाटील ठाण्यात आला. थोराड बांध्याचा, करारी माणूस. मी पुढे केलेल्या खुर्चीवर तो बसला नाही.

"साहेब, पूल पडला नाय, पाडलाय," तो म्हणाला. "त्या मिस्त्रीनं लोखंड खाल्लंय आमचं."

"कशावरून म्हणता पाटील?"

"सरकारनं आमाला दिल्या त्या सळ्या पांढऱ्या व्हत्या. चांदीवानी. मी सोता गाडीतून उतरवून घेतल्या. आता बघा काय निघालंय. तांबडं भंगार. पांढरं इकलं आन आमच्या पुलात कबाड घातलं त्यानं."

हा मुद्दा पक्का होता. मी बांधकामाच्या ओव्हरसियरला बोलावून घेतलं. नवा, तरुण माणूस. त्याने जुनी नोंद पाहून सांगितलं की पाटील म्हणतो ते खरं आहे. एका बंदराच्या कामातून उरलेल्या, जस्त चढवलेल्या सळ्या त्या पुलाला दिल्या होत्या. जस्ताच्या मुलाम्यामुळे त्या पांढऱ्या दिसत आणि सहसा गंजत नसत. मी त्याला तुटलेलं टोक दाखवलं.

"यावर जस्ताचा मागमूस नाही," तो म्हणाला. "जस्त चढवलेली सळई सिमेंटमध्ये दहा वर्षांत अशी होणं शक्य नाही. सळ्या बदललेल्या आहेत."

झालं. दोन मृत्यू, सरकारी मालाचा अपहार आणि लढाईमुळे लोखंडाला सोन्याचा भाव आलेला. लोक पेटून उठले नसते तरच नवल. डोळखांबच्या बाजूला मिस्त्रीच्या घरावर कोणीतरी दगड टाकले. त्याच्या बायकोला विहिरीवर कोणी दोर देईना. मी शहापूर ठाण्याला कळवून शिपाई मागवले आणि स्वतः त्याच्या घराची झडती घ्यायला गेलो. घर कुडाचंच होतं. चोरीचं लोखंड विकून माणूस गबर झाला असेल तर ते तिथे दिसत नव्हतं. पण परसात, न्हाणीवरच्या छपराला आधार म्हणून दोन आखूड सळ्या लावलेल्या सापडल्या. पांढऱ्या. जमादाराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्याला बढतीच मिळाली होती.

मिस्त्री चाळिशी ओलांडलेला, सडपातळ माणूस. तळहात सिमेंटने खाऊन खरखरीत झालेले. मी त्याला अटक केली तेव्हा त्याने विरोध केला नाही. फक्त विचारलं, "साहेब, पाटलाची कोनची नात गेली? धाकटी का मोठी?"

"मोठी."

तो न्हाणीच्या दगडावर बसला. पूल बांधत होते तेव्हा ही पोर त्याच्या घमेल्यात खडे टाकून खेळायची, असं तो पुढे कधीतरी म्हणाला. त्या वेळी मला वाटलं, नाटक करतोय.

मुरबाडला आणून मी त्याची जबानी सुरू केली. इतक्या वर्षांत एक गोष्ट मला कळली होती. लबाड माणूस सोप्या प्रश्नाला अडखळतो आणि अवघड प्रश्नाचं उत्तर पाठ करून आलेला असतो. हा माणूस मात्र उलटा निघाला. सळ्यांबद्दल विचारलं की सरळ सांगे.

"पांढऱ्याच घातल्या, साहेब. एक न एक सली मी माझ्या हातानं तारेनं बांधली."

"मग तुझ्या न्हाणीवर कशा आल्या?"

"ती शेवटाची तुटकी तोंडं. जुन्या ओव्हरसियरसायबानं दिली, घेऊन जा म्हनाला. त्याला इचारा."

जुना ओव्हरसियर बदलून गेला होता आणि पुढे वारला होता. म्हणजे साक्ष नाही. मी पुढे विचारलं, "काँक्रीट किती दिवस टाकलं?"

"दोन दिस. पयल्या दिशी पाड्याकडली अर्धी पाटी. मग मधी काम बंद. मग गावाकडली अर्धी."

"काम बंद का?"

तो गप्प.

"दुसऱ्या दिवशी कोण कोण होतं?"

"सगलेच व्हते."

"काय झालं त्या दिवशी?"

तो खाली मान घालून बसला. मी वेगवेगळ्या तऱ्हेने तोच प्रश्न विचारला. समजावलं, दरडावलं. जन्मठेप होईल म्हणून सांगितलं, जी होणार नव्हती. काही उपयोग नाही. दुसऱ्या दिवसाचा विषय निघाला की त्याच्या तोंडाला कुलूप. पाड्यावरच्या माणसांना विचारलं, गावातल्यांना विचारलं. तेही तिथेच थांबत. कोणी म्हणे आठवत नाही, कोणी म्हणे पाटलाला विचारा. पाटलाला विचारलं तर तो ताडकन म्हणाला, "त्या दिसाचं काय इचारू नका. ज्यानं मोडली त्यालाच ठावं."

काय मोडलं? त्यावरही उत्तर नाही.

"साहेब, माझ्या ताब्यात द्या एक तास," जमादार म्हणाला.

मी दिलं नाही. मी काही संत नव्हतो, पण मार खाऊन माणूस जे बोलतो ते मॅजिस्ट्रेटसमोर पाच मिनिटंही टिकत नाही, हे मी शिकलो होतो. तरी खरं सांगायचं तर तेव्हा माझीही खात्री पटली होती. दुसऱ्या दिवशीच सळ्या बदलल्या आणि त्यात आणखी कोणी सामील आहे, म्हणून हे सगळे दबून बोलतात, असा माझा हिशेब होता.

दोषारोप ठेवायचा तर कोर्टाला दाखवायला हवं की किती सळ्या बदलल्या. ओव्हरसियर म्हणाला, पाड्याकडचा अर्धा भाग अजून काठाला लटकून आहे, तो फोडून आतलं लोखंड मोजू. म्हणून आम्ही पुन्हा तिथे गेलो. दोन पंच, ओव्हरसियर, घण चालवणारे दोन गडी आणि मी. पाटील सुतकानंतरही घराबाहेर पडत नव्हता, त्यामुळे तो नव्हता.

गड्यांनी घण घालायला सुरुवात केली. पाड्याकडचं काँक्रीट कडक होतं, घण उसळून येत होता. बऱ्याच वेळाने एक ढलपी उडाली आणि आतली सळई दिसली.

ती पांढरी होती.

ओव्हरसियर पुढे झाला. रुमालाने पुसून त्याने ती पाहिली. पांढुरकी, जरा मळकट, पण अखंड. जस्त जसंच्या तसं. "म्हणजे या अर्ध्यात चांगल्या घातल्या आणि त्या अर्ध्यात भंगार," मी म्हणालो. मला तर पुरावा मिळाल्याचा आनंदच झाला होता. पण ओव्हरसियर त्या सळईवरून बोट फिरवत तुटलेल्या कडेपर्यंत गेला. मग त्याने गड्यांना तिच्या कडेचं काँक्रीट फोडायला सांगितलं. ते फुटलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"फौजदारसाहेब, इकडे या," तो म्हणाला. "ही एकच सळई आहे."

मी पाहिलं आणि मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. तीच सळई पाड्याच्या बाजूला पांढरी आणि दोन दिवसांच्या कामामधला सांधा ओलांडून गावाच्या बाजूला गेली की तांबडी, बारीक, खाल्लेली. कुठे जोड नाही, कुठे गाठ नाही. दुसरी उघडली, तिचंही तेच. तिसरीचंही तेच. मिस्त्रीने सळ्या बदलल्या असत्या तर एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरी असं करताच आलं नसतं. म्हणजे त्याने पांढऱ्याच सळ्या घातल्या होत्या. सगळ्या. तो पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता आणि मी त्याला कोठडीत डांबून ठेवलं होतं.

"मग इकडचं जस्त गेलं कुठे?" मी विचारलं. ओव्हरसियरला सांगता येईना.

तेवढ्यात गुरं परतायची वेळ झाली. गावाची गुरं ओढ्यात उतरली. पाण्यावर न थांबता दोन-तीन म्हशी सरळ पडलेल्या ढेपांकडे आल्या आणि काँक्रीट चाटायला लागल्या. खरखर आवाज येत होता. मागून येणाऱ्या बाईने त्यांना हाकललं.

"रोजचीच ही तऱ्हा," ती हसून म्हणाली. "पूल उभा व्हता तवा बी चाटायच्या. पाड्याकडली बाजू नाय चाटत, हीच चाटतात. आमी म्हनायचो, देवाचा पूल हाय, म्हून ढोरांना बी कळतं."

मी त्या ढेपेजवळ गेलो. पंच बघत होते, ओव्हरसियर बघत होता, पण मला लाज वाटली नाही. मी ढलपीला जीभ लावली.

खारट. इतक्या पावसाळ्यांनंतरही खारट.

मी ती ओव्हरसियरकडे दिली. त्यानेही चाखली. "मीठ," तो म्हणाला. "समुद्राकाठच्या कामात हे होतं. पण इथे, डोंगरात?" मग त्याने मला साध्या शब्दांत समजावलं. जस्त म्हणजे लोखंडावरचा अंगरखा. चांगल्या काँक्रीटमध्ये हा अंगरखा सुरुवातीला थोडा झिजतो आणि मग त्याच्यावर एक थर धरतो, तो पुढे पुष्कळ वर्षं टिकतो. पण आत भरपूर मीठ असेल तर तो थर ठरत नाही. मीठ आधी जस्त खातं आणि जस्त संपलं की लोखंडाला लागतं. गंज फुगतो, काँक्रीट आतून तडकतं. "खालून तडे गेलेच असतील. कोणाला दिसले कसे नाहीत?"

मला दिवाळीचा चुना आठवला. दर वर्षी बायकांनी मनोभावे ते तडे बुजवले होते.

परत ठाण्यात आलो तो थेट कोठडीकडे गेलो. जमादाराला बाहेर थांबवलं. मिस्त्री भिंतीला टेकून बसला होता. मी त्याच्यासमोर जमिनीवरच बसलो.

"मिस्त्री, तू सळ्या बदलल्या नाहीस, हे मला कळलंय," मी म्हणालो. "पण गावाकडच्या अर्ध्यात मीठ कुठून आलं, ते सांग."

त्याने मान वर केली. "तुमाला कोनी सांगितला?"

"म्हशींनी."

त्याला हसू आलं नाही. मलाही नाही. मग तो हळूहळू बोलायला लागला. पहिल्या दिवशीचं काम झाल्यावर तारेचं एक भेंडोळं गायब झालं होतं. गाव म्हणे पाड्याने नेलं, पाडा म्हणे गावाने. काठ्या निघायची वेळ आली. तेव्हा पाटील मधे पडला. त्या भागात मोठं भांडण मिटवायचं तर मिठाची शपथ घेत. पाण्यात मीठ सोडायचं आणि म्हणायचं, मी खोटा ठरलो तर असाच विरघळून जाईन. शपथेचे शब्द आणि शपथेचा दिवस पुन्हा कधी बोलण्यात आणायचा नाही, नाहीतर शपथ मोडते. आणि ते पाणी जमिनीवर सांडायचं नाही.

"आगोटीचं मीठ भरून ठेवलेला प्रत्येक घरात," मिस्त्री म्हणाला. पावसाळ्याची बेगमी म्हणजे आगोटी. मीठ, सुकी मासळी, मिरची, सगळं वैशाखातच घरात येऊन पडतं. "दोनी बाजूची घरं आली. जो तो मूठ नाय, पायली घेऊन आला. कामाच्या पान्याच्या टाकीत सोडला. म्हातारी मानसं, बाया, सगल्यांनी शपथ घेतली की या पुलाचा खडासुद्धा कोन उचलनार नाय. मी बी घेतली. मग पाटील म्हनाला, हे पानी सांडायचा नाय, पुलातच घाला. पूल शपथेत बांधा. म्हंजे कोनाची हिंमत नाय व्हायची."

"आणि तू घातलंस."

"त्याच पान्यानं कालवला सगला माल. पुढं पाऊस येऊ घातलेला, मला बी काम उरकायचा व्हता." तो थांबला. त्याला हळूहळू उमगत होतं, ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "साहेब, म्हंजे मिठानं खाल्लं?"

"हो."

"दुसरा काय कारन नाय?"

"नाही."

मला वाटलं होतं, हा माणूस आता रडेल, हात जोडेल, मला शिव्या देईल. सुटका झाली होती त्याची. त्याने दोन्ही तळहात जमिनीवर टेकले आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "पाटलाला कळलं का हे?"

"अजून नाही."

"मग सांगू नका."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"सांगू नका साहेब त्याला. सली खराब व्हती लिवा. नायतर मीच बदलली लिवा. मला दोन-चार वर्सं होतील तुरुंगात. मानूस तुरुंगातून परत येतो. पाटील यातून परत यायचा नाय."

ज्या पाटलाने त्याला चोर ठरवलं, ज्याच्या गावाने त्याच्या दारावर दगड टाकले, त्याच्यासाठी हा माणूस गजाआड जायला निघाला होता. मी उठलो आणि पडवीत येऊन उभा राहिलो. जमादाराने विचारलं, "कबूल झाला का?" मी त्याला फक्त कोठडीला कुलूप लावायला सांगितलं.

मिस्त्रीचं ऐकण्याचा मोह मला झाला, हे मी लपवत नाही. पण निरपराध माणसाला तुरुंगात धाडणं माझ्या अखत्यारीत नव्हतं आणि सळ्या खराब होत्या असं लिहिलं असतं तर ओव्हरसियरच्या खात्यावर खोटा ठपका आला असता. शिवाय शपथेची साक्ष पाटलाशिवाय दुसरं कोणी देणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी एकटाच त्याच्या घरी गेलो. तो ओटीवर बसला होता. मी सगळं सांगितलं. एकच सळई दोन रंगांची कशी निघाली, म्हशी, खारट ढलपी, ओव्हरसियरचं म्हणणं. मी शक्य तितकं सावकाश सांगितलं, पण असल्या गोष्टी सावकाश सांगूनही काही फरक पडत नाही.

पाटील शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "माझ्या घरचं मीठ सगल्यात जास्त व्हतं. मी गोणीच आणली व्हती. म्हनलं, पाटलाचा हात आखडता नको."

"पाटील, तुम्ही चांगल्यासाठीच केलंत."

त्याने ते ऐकलं की नाही कोण जाणे. तो ओट्याखालच्या वाटेकडे बघत होता. "त्या दिशी ती पान्यातून चालली व्हती, साहेब. ओढ्याला पानी घोट्याएवढं. मीच वरडलो तिला. म्हनलं, गो, पाय कशाला भिजवतेस, पुलावरून जा. पूल आपल्या शपथेचा हाय."

घरात बायकांचं काहीतरी काम चाललं होतं. तो आवाज एकदम थांबला. त्यांनी ऐकलं होतं. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. फौजदाराची वर्दी अंगावर असताना मी असा कधी घाबरलो नव्हतो.

त्यानंतर दोन दिवसांनी मॅजिस्ट्रेटने मिस्त्रीला सोडण्याचा हुकूम दिला. ठाण्याबाहेर बरीच माणसं जमली होती, गावातली आणि पाड्यावरची. चोर सुटतोय अशी बातमी पसरल्यामुळे ती चिडलेली होती. मी दोन शिपाई दारात उभे केले. मिस्त्री पडवीत आला तेव्हा कोणीतरी शिवी हासडली. तेवढ्यात गर्दीतून पाटील पुढे आला. त्याने मिस्त्रीच्या हातातलं गाठोडं घेतलं, स्वतःच्या खांद्यावर टाकलं आणि लोकांकडे वळला.

"यानं सलई नाय बदलली," तो म्हणाला. "पूल माझ्या मिठानं पडला."

कोणाला काही कळेना. मग त्याने तिथेच, ज्या दिवसाबद्दल बोलायचं नाही त्या दिवसाबद्दल, सगळं सांगितलं. बोलता बोलता एकेकाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. प्रत्येकाला आपापली पायली आठवत असणार. शिवी देणारा माणूस गाडीवानाचा भाऊ होता. त्यानेही मीठ आणलं होतं. तो ठाण्याच्या कुंपणाला धरून उभा राहिला.

मिस्त्री पाटलाला म्हणाला, "तुमी एकट्यानं नाय, पाटील. आपन सगल्यांनी. कालवलं मीच." आणि दोघे डोळखांबच्या वाटेला लागले. पाटील त्याला घरापर्यंत सोडायला गेला. ती वाट डोंगरातून जाते आणि पाटलाचं वय झालं होतं, पण गाठोडं त्याने मिस्त्रीला परत दिलं नाही, असं मागून गेलेल्या माझ्या शिपायाने सांगितलं.

अपघाती मृत्यू अशी नोंद करून मी प्रकरण बंद केलं. गुन्हा म्हटला की पोलीस आधी हेतू शोधतो. कोणाचा फायदा, कोणाचं वैर, कोणाची हाव. मीही तेच शोधत होतो. गप्प बसलेला माणूस गुन्हेगार, हे तर मी धरूनच चाललो होतो. या प्रकरणात सगळे गप्प होते, कारण सगळे प्रामाणिक होते. चोरी होऊ नये म्हणून त्यांनी जे केलं त्यानेच पूल खाल्ला आणि इतकी वर्षं ते त्याच्यावरून निर्धास्त ये-जा करत राहिले. पुढे कितीतरी तपास केले, पण कोणी तोंड मिटून बसलं की मी स्वतःला विचारायचो, हा काही लपवतोय, की हा काही पाळतोय? या एका प्रश्नामुळे मला दोन-तीन निरपराध माणसं वाचवता आली. तेवढंच समाधान.

स्वातंत्र्य आलं त्या सुमारास ओढ्यावर नवा पूल झाला. त्याच मिस्त्रीने बांधला. बदली होण्यापूर्वी मी एकदा बंदोबस्ताहून परतताना तिथे थांबलो. पावसाळा नुकताच सरला होता आणि ओढा चांगला मांडीएवढा वाहत होता. पुलावरून गुरं गेली, पोरं गेली, भरलेली गाडी गेली. मागून पाटील आला, काठी टेकत. त्याने मला हात केला. मग पुलाच्या कडेने खाली उतरला, धोतर वर खोचलं आणि पाण्यातून चालत पलीकडे गेला.